उंच इमारतीतील खिडकी: रहिवाशांना नेमके काय हवे असते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंड पश्चिमेतील एका चार मजली सोसायटीचा पुनर्विकास होत असून तिच्या जागी सुमारे पंचवीस मजल्यांचा टॉवर उभा राहणार आहे. पुनर्विकास समितीने खिडक्यांविषयी सभासदांची लेखी मते मागवली, तेव्हा बहुतेकांनी ‘शक्य तितकी मोठी खिडकी’ असे लिहिले. पण त्याच कागदावर अनेकांनी ‘ग्रिल हवेच’, ‘पाऊस आत येऊ नये’ आणि ‘हवा खेळती राहावी’ असेही लिहिले. विकासकाच्या वास्तुविशारदांनी बैठकीच्या खोलीला जमिनीपासून छतापर्यंत काच सुचवली आहे. परस्परविरोधी वाटणाऱ्या या मतांतून निर्णय कसा काढावा, असे समितीने विचारले आहे.

उंच निवासी इमारतींच्या दर्शनी भागाचे आणि खिडक्यांचे काम मी बराच काळ करीत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की ही मते परस्परविरोधी नाहीत. आपण विचारलेला प्रश्न खिडकीच्या आकाराचा होता आणि सभासदांनी उत्तर दिले ते खिडकीच्या वापराचे. सॅम्पल फ्लॅटमध्ये उभे राहून, वातानुकूलन चालू असताना, कोणीही मोठ्या काचेलाच पसंती देतो. खरे मत कळते ते ताबा मिळाल्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत. मुलुंड-ठाणे पट्ट्यातील कोणताही पाच-सहा वर्षे वापरात असलेला टॉवर रस्त्यावरून नीट पाहावा. कुठे बाहेर काढलेले बॉक्स ग्रिल, कुठे त्यावर टाकलेला पत्रा, कुठे कबुतरजाळी, पश्चिमेच्या काचेवर आतून चिकटवलेली काळी फिल्म, आणि समोरासमोरच्या खिडक्यांवर दिवसभर ओढलेले पडदे दिसतात. मूळ खिडकीत जे कमी पडले, ते लोकांनी पदरचे पैसे घालून जोडलेले असते. माझ्या दृष्टीने रहिवाशांच्या पसंतीचे याहून विश्वासार्ह सर्वेक्षण नाही. समितीने नवे आराखडे पाहण्याआधी अशा दोन-तीन इमारती पाहाव्यात आणि तेथील रहिवाशांशी बोलावे.

‘मोठी खिडकी’ या मागणीमागे आणखी एक कारण आहे आणि ते नियमावलीत आहे. मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीखाली फ्लॉवर बेड (खिडकीबाहेरचा झाडांचा कट्टा), निश (भिंतीतील कोनाडा) आणि काही प्रमाणात बाल्कनी चटईक्षेत्राबाहेर, म्हणजे परवानगी असलेल्या बांधकाम क्षेत्रात न मोजता, धरल्या जात. त्यामुळे जवळपास प्रत्येक खिडकीबाहेर फ्लॉवर बेड आला आणि ताबा मिळताच तो खोलीत सामावूनही घेतला गेला. जानेवारी २०१२ च्या फेरबदलाने हे सर्व चटईक्षेत्रात मोजले जाऊ लागले आणि त्याची भरपाई म्हणून निवासी इमारतींना ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवे तिथे वापरता येणारे जादा, चटईक्षेत्र देण्यात आले. परिणाम असा झाला, की अनेक प्रकल्पांतून बाल्कनी नाहीशी झाली आणि खिडकी भिंतीच्या पातळीला येऊन टेकली. कपडे वाळवणे, तुळस ठेवणे, संध्याकाळी वाऱ्याला उभे राहणे, पापड-कुरडया उन्हात घालणे ही बाल्कनीची कामे मात्र घरात राहिलीच आणि ती खिडकीच्या अंगावर आली. आपल्या जुन्या इमारतीत बाल्कनी असेल, तर मोठी खिडकी मागणारे अनेक सभासद खरे तर तिची भरपाई मागत आहेत. चटईक्षेत्रात मोजली गेली तरी चालेल, पण चार फुटांची एक बाल्कनी हवी की तेवढी जागा खोलीत हवी, हा प्रश्न त्यांना थेट विचारावा. मला स्वतःला बाल्कनी असलेला फ्लॅट अधिक राहण्याजोगा वाटतो. तिच्यामुळे आतल्या काचेला सावली मिळते, पाऊस अडतो आणि ग्रिलचा आग्रहही कमी होतो.

आता हवेकडे वळतो. आपल्याकडे जुन्या प्रघाताप्रमाणे खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश खिडकी असावी लागते. हे क्षेत्र चौकटीसह मोजले जाते आणि त्यातील किती भाग प्रत्यक्ष उघडतो हे त्यात दिसत नाही. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २०१८ मध्ये आणलेल्या इको निवास संहितेने, म्हणजे निवासी इमारतींच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीने, ही उणीव भरून काढली. उष्ण-दमट हवामानासाठी खिडक्यांचे उघडणारे क्षेत्र घराच्या कार्पेट क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के असावे, असे ती सांगते. झडपेची, म्हणजे बिजागरीवर दारासारखी उघडणारी, खिडकी ९० टक्के, दोन तावदानांची सरकती ५० टक्के आणि तीन तावदानांची सरकती ६७ टक्के उघडते, असे त्यात धरलेले आहे. हे आपल्या आराखड्यातील एखाद्या खोलीला लावून पाहा. ३ मीटर बाय ३.६ मीटरच्या बेडरूमचे क्षेत्रफळ १०.८ चौरस मीटर होते, म्हणजे किमान १.८ चौरस मीटर उघडे क्षेत्र हवे. १.८ मीटर रुंद आणि १.५ मीटर उंच खिडकी कागदावर २.७ चौरस मीटर भरते, पण ती दोन तावदानांची सरकती असेल तर उघडते फक्त १.३५ चौरस मीटर. तीच तीन तावदानांची केली, की बरोबर १.८ मिळते. बाजारात ‘थ्री ट्रॅक’ म्हणून जी खिडकी दिली जाते, तिच्यात बहुधा दोन तावदाने काचेची आणि एक मच्छरजाळीचे असते. तिचे उघडे क्षेत्र निम्मेच राहते आणि जाळी ओढल्यावर वारा आणखी मंदावतो. जमिनीपासून छतापर्यंतच्या काचेचा बराच भाग बंदिस्त असल्याने काच वाढूनही हवा वाढत नाही. म्हणून सभासदांसमोर ठेवायच्या तक्त्यात प्रत्येक खोलीपुढे काचेचे क्षेत्र आणि उघडणारे क्षेत्र असे दोन वेगळे आकडे द्यावेत, असा माझा आग्रह आहे. हे दोन आकडे शेजारी दिसले, की ‘मोठी’ या शब्दावरील बराच वाद मिटतो.

मग सरळ झडपेचीच खिडकी का घेऊ नये, असे वाटेल. अडचण ग्रिलची आहे. झडप बाहेर उघडत असेल तर ग्रिल आतून बसवावे लागते आणि प्रत्येक वेळी गजांतून हात घालून मूठ फिरवावी लागते. झडप आत उघडत असेल तर ग्रिल बाहेर राहते, पण पडदा, पलंग आणि ओट्यावरचा नळ आड येतो. शिवाय उंचावर बाहेर उघडणारी झडप वाऱ्याने आदळली, की बिजागरी आणि फ्रिक्शन स्टेवर (झडप हव्या त्या कोनात धरून ठेवणाऱ्या पट्टीवर) मोठा ताण येतो. सिंगापूरमध्ये झडपा निखळून खाली पडण्याच्या घटनांनंतर २००४ पासून अशा खिडक्यांचे ॲल्युमिनियमचे रिव्हेट काढून स्टेनलेस स्टीलचे बसवणे बंधनकारक करण्यात आले. हाँगकाँगमध्ये २०१२ पासून दहा वर्षांहून जुन्या इमारतींना खिडक्यांची तपासणी सक्तीची आहे. मुंबईत सरकती खिडकी टिकली, कारण ती ग्रिल, जाळी आणि पडदा या तिघांनाही जागा देते. तिला मागासलेली समजून टाकून देऊ नये. ती सुधारून घ्यावी.

सुधारणा कुठे करायची, हे पावसात कळते. मुसळधार पावसात, वाऱ्याच्या तोंडावर असलेल्या सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅककडे पाहा. तावदानावरून ओघळलेले पाणी ट्रॅकमध्ये साठते आणि बाहेरच्या बाजूच्या बारीक निचरा-छिद्रांतून निघून जाणे अपेक्षित असते. झोत आला, की बाहेरचा दाब ते पाणी आत ढकलू लागतो, छिद्रांतून पाण्याऐवजी हवा आत शिरते, ट्रॅकमधील पाणी उकळल्यासारखे बुडबुडे काढू लागते आणि आतल्या कडेवरून खोलीत सांडते. लोक टॉवेल पिळून ट्रॅकमध्ये भरतात ते याच वेळी. हिशोब सोपा आहे. एक मिलिमीटर पाण्याचा स्तंभ सुमारे १० पास्कल (पास्कल हे दाबाचे एकक) दाब पेलतो. ट्रॅकची आतली कड २५ मिलिमीटर उंच असेल तर ती सुमारे २४५ पास्कल, म्हणजे ताशी सुमारे ७३ किलोमीटरचा वारा पेलेल. ४० मिलिमीटर असेल तर ताशी सुमारे ९२ किलोमीटरचा. चौथ्या मजल्यावर आजवर गळली नाही, म्हणून तीच खिडकी विसाव्या मजल्यावर गळणार नाही, असे समजू नये. उंचीबरोबर वारा वाढतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा कधीही न गळलेल्या खिडक्यांतून लोकांच्या घरांत पाणी शिरले होते. सिलिकॉनच्या नळ्या संपवून ही गळती थांबत नाही, कारण दोष ट्रॅकच्या उंचीत आणि बुजलेल्या छिद्रांत असतो. बांधकामाच्या वेळी सिमेंटचे ओघळ, नंतर धूळ आणि कबुतरांची पिसे या छिद्रांत जाऊन बसतात. छिद्रांना बाहेरून झापडी असावी, आतली कड उंच असावी आणि खिडकीखालची पायपट्टी बाहेरच्या बाजूला उतरती असावी, या तीन गोष्टी आराखड्यात स्पष्ट दिसल्या पाहिजेत.

बळकटीचाही विचार उंचीनुसार करावा लागतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरला आहे. ४४ मीटर वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो. वर सांगितलेल्या २.७ चौरस मीटरच्या खिडकीवर हा भार तीनशे किलोंच्या पुढे जातो, आणि इमारतीच्या कोपऱ्यांवर बाहेरची ओढ त्याहून जास्त असते. त्यामुळे सर्व मजल्यांना एकच ॲल्युमिनियम सेक्शन (चौकटीची पट्टी) वापरण्याचा प्रस्ताव आल्यास त्यामागची गणिते मागून घ्यावीत.

आपल्या जागेचे वैशिष्ट्य असे, की सर्वांना हवा असलेला देखावा पश्चिमेला आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर त्या बाजूला आहेत, आणि नैर्ऋत्य मोसमी पाऊस व दुपारनंतरचे ऊनही तिकडूनच येते. पूर्वेला वरच्या मजल्यांवरून मिठागरे आणि ठाण्याची खाडी दिसेल, पण द्रुतगती महामार्गाचा आवाजही येईल. एप्रिलमधील दुपारी पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरला ५०० ते ६०० वॅट ऊन पडते. साध्या काचेतून त्यातील सुमारे ८० टक्के उष्णता आत येते, म्हणजे चार चौरस मीटर काच अर्ध्या टनाचे वातानुकूलन यंत्र जवळपास पूर्ण गुंतवून ठेवेल एवढी उष्णता घरात आणते. आतला पडदा ओढेपर्यंत ती आत आलेली असते. डोक्यावरचा छज्जा दक्षिणेला उत्तम काम करतो, परंतु पश्चिमेचा कललेला सूर्य त्याखालून सरळ आत येतो. तिथे खोल बाल्कनी, उभे आडोसे किंवा उष्णता अडवणारी काच हेच उपाय आहेत. काच गडद असणे आणि ती उष्णता अडवणारी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सभासदांना सांगावे. आरशासारख्या काचेने दिवसा आडोसा मिळतो, पण रात्री दिवे लागले की चित्र उलटे होते आणि समोरच्या टॉवरमधून घर दिसते. उत्तरेच्या खिडकीला ऊन नसतेच, हा समज मुंबईच्या अक्षांशाला पूर्ण लागू होत नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. ढगांमुळे त्याचा त्रास फारसा जाणवत नाही एवढेच.

आवाजाबद्दल थोडक्यात सांगतो. दोन सारख्या जाडीच्या काचांमध्ये बारा मिलिमीटर पोकळी ठेवलेली दुहेरी काच उष्णतेसाठी उपयोगी आहे, पण रहदारीच्या आवाजासाठी ती एकेरी काचेपेक्षा जेमतेम सरस ठरते. महामार्गाच्या बाजूला लॅमिनेटेड काच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर चिकटवलेली) आणि घट्ट दाबले जाणारे रबर यांवर पैसे खर्च करावेत. सरकत्या खिडकीच्या कडेचा ब्रश आवाज अडवत नाही, म्हणून त्या बाजूच्या बेडरूमला, आणि फक्त तिथेच, मी झडपेची खिडकी सुचवेन. वर गेल्यावर आवाज कमी होतो, या भरवशावर राहू नये; खालच्या मजल्यांना मधल्या इमारतींचा आडोसा असतो, वरच्यांना रस्ता थेट दिसतो.

सुरक्षेविषयी माझे मत ठाम आहे. लहान मुले खिडकीखालच्या पलंगावर, सोफ्यावर, टेबलावर चढतात. त्यामुळे जमिनीपासून १.१ मीटर उंचीपर्यंत कोणताही भाग उघडता कामा नये आणि त्या भागात काच असल्यास ती लॅमिनेटेडच असावी. टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली, काच फुटली तर तिचे बारीक तुकडे होऊन चौकट रिकामी होते. लॅमिनेटेड काच तडकली तरी मधल्या थराला चिकटून जागेवर राहते. टफन्ड काच क्वचित तिच्यात राहून गेलेल्या निकेल सल्फाइडच्या कणामुळे कोणताही धक्का न लागता फुटते, हेही लक्षात घ्यावे. ग्रिलची मागणी चोरांच्या भीतीपेक्षा मुलांच्या काळजीतून आलेली असते, आणि ती काळजी रास्त आहे. ‘टॉवरची शोभा जाते’ म्हणून ग्रिलला बंदी घालणाऱ्या सोसायट्यांत शेवटी प्रत्येकजण आपापल्या पद्धतीने काहीतरी बसवतो. त्यापेक्षा भिंतीच्या पातळीतच राहणारी एक रचना सुरुवातीलाच ठरवावी. उभ्या गजांतील अंतर १०० मिलिमीटरपेक्षा कमी असावे, मूल चढू शकेल असे आडवे गज नसावेत आणि प्रत्येक घरात किमान दोन खोल्यांच्या ग्रिलमध्ये आतून, चावीशिवाय उघडणारा भाग असावा. आगीच्या वेळी बंद ग्रिल सुटकेच्या आड येते, हे अग्निशमन दल वारंवार सांगत आले आहे. स्टेनलेस तारांचे ‘इनव्हिजिबल ग्रिल’ देखाव्यासाठी चांगले, पण तारांचा ताण दरवर्षी तपासावा लागतो. आगीचाच विचार करता छतापर्यंतच्या काचेबाबत मी सावध आहे. खिडकीखालची भिंत ज्वाळांना वरच्या मजल्यावर चढण्यापासून काही काळ रोखते. ती काढायची असेल तर स्लॅबची कड आणि काच यांमधील फट आगरोधक साहित्याने कशी बंद केली आहे, हे आराखड्यात पाहावे.

स्वयंपाकघराची खिडकी सर्वेक्षणात नेहमी शेवटी येते, आणि घरातील सर्वाधिक वापर तिचाच असतो. ओटा साठ सेंटिमीटर खोल असतो, त्यापलीकडे खिडकीची कडी. साडेचार-पाच फूट उंचीच्या बाईला पेटलेल्या गॅसवरून हात लांबवल्याशिवाय ती कडी लावता येत नसेल, तर पाऊस सुरू झाल्यावर ती खिडकी उघडीच राहील किंवा बाराही महिने बंद राहील. या खोलीत खिडकी गॅससमोर नसून सिंकसमोर असावी, कडी चौकटीच्या खालच्या भागात असावी, एक्झॉस्ट पंख्यासाठी वेगळे तावदान असावे आणि पंख्यासाठी खिडकीचा अर्धा भाग बळकावू नये. वॉश एरिया मिळत असेल तर कपड्यांची दोरी तिथेच, बाहेरून न दिसणाऱ्या जागी, आराखड्यात दाखवून घ्यावी.

या सर्वांतून बैठकीच्या खोलीसाठी मी सुचवेन ती रचना अशी: साठ सेंटिमीटर उंचीची भिंत, त्यावर १.१ मीटरपर्यंत बंदिस्त लॅमिनेटेड काच, त्यावर तीन तावदानांची सरकती खिडकी आणि सर्वांत वर, छज्जाच्या आडोशाला, साधारण तीस सेंटिमीटर उंचीचा झरोका. त्याची झडप वरच्या बिजागरीवर असावी आणि खालून थोडी बाहेर उघडावी. बसल्या जागेवरून डोंगर दिसतील, आणि मुसळधार पावसात सर्व बंद केल्यावरही झरोका उघडा ठेवता येईल. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या शहरात, पावसात उघडी राहू शकणारी खिडकी मला सर्वाधिक मोलाची वाटते. भिंतींना बुरशी आणि घराला ओलसर वास न येण्याचे निम्मे श्रेय तिचे असते. बंदिस्त काच कोठेही घ्यायची तर तिची रुंदी किंवा उंची, दोहोंपैकी एक, पन्नास-साठ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, म्हणजे शेजारच्या उघड्या भागातून हात घालून ती बाहेरून पुसता येते. त्याहून मोठी काच पुसायला दोरावरचे कामगार बोलवावे लागतात आणि तो खर्च दरवर्षी देखभाल शुल्कात येतो.

सभासदांची मते पुन्हा घ्यावीत, पण प्रश्न बदलावेत. दुपारी घरी कोण असते, रात्री खिडकी उघडी ठेवून झोपता का, पाऊस आला की खिडक्या कोण बंद करते, कपडे कुठे वाळतात, मच्छरजाळी किती वाजता ओढता, घरात सहा वर्षांखालील मूल किंवा सत्तरीपुढचे कोणी आहे का, असे विचारावे. खालच्या मजल्यांवर येणाऱ्या सभासदांची उत्तरे वेगळी वाचावीत; त्यांना डास, धूळ आणि समोरच्यांची नजर यांची चिंता असते, वरच्यांना वारा आणि उंचीची. हे प्रश्न स्त्रियांना आणि ज्येष्ठांना स्वतंत्रपणे विचारावेत, कारण सर्वसाधारण सभेत बोलणारे आणि दिवसभर घरात राहणारे लोक बहुधा वेगळे असतात.

त्यानंतर विकासकाकडून पूर्ण आकाराची, ग्रिल व जाळीसह एक नमुना खिडकी तयार करून घ्यावी आणि सर्व सभासदांना ती उघडून, बंद करून, बाहेरून पुसून पाहू द्यावी. तिच्यावर दाबाने पाण्याचा फवारा मारून चाचणी घ्यावी. पसंत पडलेली रचना पर्यायी जागेच्या करारनाम्याला आराखड्यासह जोडावी: काचेचा प्रकार आणि जाडी, सेक्शनचा आकार, ट्रॅकच्या कडेची उंची, बिजागरी व रोलरचा धातू, ग्रिलचे चित्र. ‘नामांकित कंपनीच्या ॲल्युमिनियम सरकत्या खिडक्या’ एवढ्या ओळीवर सही करू नये. रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कामाच्या दर्जातील दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. पण दोष कशाला म्हणायचे, हे करारात लिहिलेल्या वर्णनावरूनच ठरते. पहिल्या पावसाळ्यातील गळतीची मजलानिहाय, दिशानिहाय नोंद छायाचित्रांसह ठेवावी आणि ती त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लेखी स्वरूपात सादर करावी.